पहिला नारळ कोणाचा

ज्या दोन गावांची ही हकीकत आहे, त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. लिहिली तर कोणाचं आधी लिहिलं यावरून पुन्हा सुरू होईल. एक माझं माहेर, धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. दुसरं माझं सासर. दोघांच्या मध्ये एक नदी आहे, चैत्रात चपला हातात घेऊन ओलांडावी एवढीच. ऐंशीच्या दशकात माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणी चेष्टेनं म्हणायच्या, हिच्या सासूनं भांडं आपटलं तर हिच्या आईला ऐकू जाईल. माझ्या आत्याला मात्र हे स्थळ पसंत नव्हतं. "त्या गावाशी आपलं नारळाचं हाय," ती म्हणाली होती.

नारळाचं म्हणजे असं. दोन्ही गावांची देवी एकच. देऊळ सासरच्या हद्दीत, नदीकाठी. मूर्ती नाही, शेंदूर लावलेला बिनघडीव दगड आहे, त्याला आमच्याकडे तांदळा म्हणतात. चैत्रातल्या जत्रेला माहेरचं गाव उंच बांबूची काठी सजवून, ढोल वाजवत नदी ओलांडून येतं आणि देवीपुढे पहिला नारळ त्यांचा फुटतो. मग बाकीच्यांचे. हे कधीपासून चाललंय ते कोणालाच ठाऊक नाही. का चाललंय ते मात्र प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे.

माहेरी मी लहानपणापासून ऐकलं ते असं: आमच्या एका शेतकऱ्याच्या नांगराला तांदळा लागला. तो पाटीत घालून, डोक्यावर घेऊन नदीपलीकडे जात असताना त्यानं दमून पाटी खाली ठेवली, ती पुन्हा उचलेना. देवीला तिथेच राहायचं होतं. म्हणून देऊळ त्यांच्या हद्दीत, पण देवी मूळची आमची, आणि म्हणून पहिला नारळ आमचा. लग्नानंतरच्या पहिल्याच जत्रेला सासूबाईंनी पुरण वाटता वाटता मला दुसरी हकीकत सांगितली. तांदळा पुरात वाहत आला. भांडी घासायला गेलेल्या त्यांच्या गावच्या एका बाईनं तो पाटीत धरला. वरच्या गावचे, म्हणजे माझ्या माहेरचे लोक मागाहून आले आणि आमचा आमचा म्हणून भांडू लागले, तेव्हा तंटा नको म्हणून त्यांना पहिल्या नारळाचा मान दिला. दिला, म्हणजे उपकार म्हणून. सासूबाई थट्टा करताहेत असं वाटून मी हसले. त्यांनी पुरणयंत्राचा दांडा थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

पुढे आम्ही शहापूरला बिऱ्हाड केलं. नवरा वाशिंदच्या कारखान्यात, मी शहापुरात शाळेत इतिहास आणि मराठी शिकवायला. सणावारी दोन्ही गावांना जायचं, जत्रेला माहेरच्यांबरोबर नदीपर्यंत आणि नदीपासून पुढे सासरच्यांबरोबर. नारळाचा विषय निघाला की मी भाजी निवडायला घ्यायची. लग्न झालेल्या बाईला हे कोणी शिकवावं लागत नाही.

माझा भाऊ माझ्याहून बराच लहान. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, त्यामुळे त्याच्यावर माझा जीव जरा जास्तच. त्यानं मुरबाडला झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान काढलं, आणि दोन हजार साल उलटल्यावर त्यात इंटरनेटही आणलं. आई त्याच्याकडे. दर भाऊबीजेला तो शहापूरला यायचा. माझ्याकडचा पहिला कॉम्प्युटरही त्यानंच आणला, कल्याणहून जुनाच, एसटीत मांडीवर घेऊन. जोडून दिला आणि म्हणाला, "आता तू पन हायफाय झालीस गो ताई."

त्याच कॉम्प्युटरवर मला तो ज्ञानकोश सापडला. मराठीतला, जाळ्यावरचा, कोणीही लिहावं आणि कोणीही दुरुस्त करावं असा. मला वेडच लागलं. वीज असेल तेव्हा आणि फोनची लाइन मोकळी असेल तेव्हा मी लिहीत बसायची. शहापूरवर लिहिलं, आमच्याकडच्या भाताच्या जातींवर लिहिलं, मोहावर लिहिलं. कोणी शाबासकी देत नव्हतं, पण आपण लिहिलेलं कोणीतरी वाचतंय एवढं पुरे होतं. मग एका सुट्टीत मी जत्रेवर लेख लिहिला.

तो लेख आठवला की मला आजही हसू येतं. 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेले नयनरम्य देवस्थान', 'नवसाला पावणारी जागृत देवी', आणि एक वाक्य तर माझं फारच लाडकं होतं: 'देवीने येथेच थांबण्याचा कौल दिला तेव्हा नदीच्या लाटांनी जणू तिचे चरण धुतले.' देवी मूळची माझ्या माहेरच्या गावची हेही मी लिहिलं, सूर्य पूर्वेला उगवतो तितक्या सहज. ती एका बाजूची गोष्ट आहे, हे लिहिताना मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहते तर लेख सोलून ठेवलेला. ज्ञानकोशाचे एक जुने संपादक होते, राहायचे कुठेतरी परदेशात. त्यांनी नयनरम्य काढलं, जागृत काढलं, लाटा तर सपशेल आटवल्या. लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर माझ्यासाठी लिहिलं होतं: 'नवसाला पावते, असे कोणाचे मत? देवी मूळची अमुक गावची, असे कोण म्हणते? ज्ञानकोशाला स्वतःचे मत नसते. कृपया संदर्भ द्यावा.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं! मी तिथेच लिहिलं की आपण कधी या जत्रेला आला आहात का? त्यांचं उत्तर शांत होतं. 'आलो नाही. म्हणूनच विचारतो. जो कधीच आला नाही, त्याला हे वाचून काय कळावे?'

चार दिवस मी तिकडे फिरकले नाही. पण शाळेत पानिपत शिकवताना, मुलांना एकाच बाजूचं सांगताना, तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला होता. कोण म्हणते? माझं उत्तर होतं: आम्ही म्हणतो. आणि नदीपलीकडचे दुसरं म्हणतात, हे तर मला पुरण वाटतानाच कळलं होतं.

मी पुन्हा बसले आणि दोन परिच्छेद लिहिले. अमुक गावचे लोक असं सांगतात, तमुक गावचे लोक असा दावा करतात. दोन्ही बाजूंना खूश ठेवल्याचं समाधान मला वाटलं. ते संध्याकाळपर्यंतही टिकलं नाही. धाकटा दीर कल्याणला एका ऑफिसात होता, तो तिथूनच वाचायचा. त्याचा फोन आला. "वहिनी, माहेरचे 'सांगतात' आणि आमी 'दावा करतो' होय? म्हंजे ते खरे आणि आमी कोर्टात उभे?"

मी पुन्हा वाचलं. त्याचं बरोबर होतं. मनात नसताना माझ्या हातानं आपला तो बाब्या केला होता आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी दोन्हीकडे 'सांगतात' केलं. मग लक्षात आलं की माहेरचा परिच्छेद आठ ओळींचा आहे आणि सासरचा तीन ओळींचा, कारण माहेरची गोष्ट मला पाठ होती आणि सासरची मी एकदाच, तीही हसत ऐकली होती. मग सासूबाईंकडे जाऊन नीट बसले. या वेळी हसले नाही. त्यांनी त्या बाईची पाटी कशाची होती इथपासून सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या, "इतक्या वर्षांत माझ्याकडून पुरी ऐकलीस ती आज." मला फार बरं वाटलं आणि लाजही वाटली.

त्या दिवसांत माझ्यापुरती मी एक कसोटी ठरवली होती. माहेरचा परिच्छेद भावाला दाखवला तर त्यानं म्हटलं पाहिजे, हो, आम्ही हेच म्हणतो. सासरचा दिराला दाखवला तर त्यानंही म्हटलं पाहिजे, हो, हेच. दोघांनी एकमेकांच्या परिच्छेदाबद्दल काय म्हणायचं ते म्हणावं. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण मला त्यानं काम करता आलं. कोणाचीच बाजू न घेणं म्हणजे मधोमध जाऊन गुळमुळीत बोलणं, असं मला पूर्वी वाटायचं. तसं ते नव्हतं. प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या तोंडून निघेल तितकं धडधडीत लिहायचं आणि आपलं नाक मध्ये घालायचं नाही. अवघड होतं ते एवढंच की एक नाक माझं माहेरचं होतं.

त्या वर्षीच्या जत्रेत पहिला नारळ फोडायचा मान आमच्या घराचा होता. माहेरच्या गावात तो घराघरांत फिरतो, आणि आमच्यावर यायला भावाची सगळी जवानी जावी लागली होती. वडिलांना तो मिळालाच नाही, त्यांची पाळी यायच्या आधी ते गेले. भावानं नवीन फेटा आणला होता. आई आठवडाभर आधीपासून नारळ निवडत होती, कानाशी हलवून पाहत होती.

आम्ही नदीवर पोचलो तर सासरच्या बाजूची पोरं आडवी उभी. त्यांच्या हातात कागद होते. माझ्या लेखाची छापील पानं. "कॉम्प्युटरवर आलंय," एकजण ओरडून सांगत होता, "देवी दोन्ही गावची हाय. मग नारळ तुमचाच पयला का?" लेखात तसं कुठेच नव्हतं. दोन गावं दोन गोष्टी सांगतात, एवढंच होतं. पण कोणीतरी दोन गोष्टींची बेरीज करून निकाल काढला होता. माहेरच्या एकानं तोच कागद हिसकावून घेतला आणि वरचा परिच्छेद वाचून दाखवला: हे बघा, नांगराला लागली, तुमच्याच कागदात हाय! म्हणजे दोघांच्या हातात एकच पान, आणि प्रत्येकजण आपापला परिच्छेद वाचून दुसऱ्याला खोटं पाडत होता. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं.

शेवटी पोलीस पाटलांनी तोड काढली. दोन्ही गावांचे नारळ एकाच वेळी फुटतील. त्यांनी हात वर केला, खाली आणला, आणि दोन नारळ फुटले. मग आवाज आधी कोणाचा आला यावर वाद झाला तो निराळा. भावानं नारळ फोडला, फेटा काढून खांद्यावर टाकला आणि नदी ओलांडून निघून गेला. आई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तुझ्या बापाचा मान व्हता गो तो. तू कोनाची हायस?" निवडायला हाताशी नेमकी भाजीही नव्हती.

त्यानंतर भाऊ पहिल्यांदा माझ्या लेखाच्या वाटेला गेला. त्याचा पहिला बदल म्हणजे जुन्या टायपिंगच्या अक्षरांतला उतारा, जो ज्ञानकोशावर चढताच निव्वळ चिन्हांची रांगोळी झाला. मग तो नवं टायपिंग शिकला. त्यानं सासरचा परिच्छेद काढला की दीर ऑफिसातून परत टाकायचा, माहेरचाही काढायचा. मग मी दोन्ही परत टाकायची. परदेशातल्या संपादकांनी कंटाळून लेखाला कुलूप घातलं आणि लिहिलं: 'दोन्ही बाजूंनी छापील संदर्भ आणावा. ज्या बाजूचा मिळेल, तिचेच विधान राहील.'

पुढच्या जत्रेच्या आधी भाऊ शहापूरला आला. पिशवीतून त्यानं एक पुस्तिका काढली. देवीचं माहात्म्य, गुळगुळीत कागदावर, मुखपृष्ठावर तांदळ्याचा रंगीत फोटो. माहेरच्या जत्रा समितीनं काढलेलं, छपाई त्याच्याच दुकानाची. "हा घे संदर्भ," तो म्हणाला. "यांनी छापील मागितला व्हता ना? घे छापील." किती दिवसांनी तो हसला होता. मी चहा टाकला आणि उभ्या उभ्या वाचायला लागले. तिसऱ्या पानावर वाचलं: 'देवीने येथेच थांबण्याचा कौल दिला तेव्हा नदीच्या लाटांनी जणू तिचे चरण धुतले.'

मी म्हटलं, "अरे, हे माझं आहे."

"मग? तुझाच पयला लेख काढून ठेवलेला मी. इतकं चांगलं कोन लिवनार?" त्याला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. बहिणीनं लिहिलं, भावानं छापलं. घरचंच काम.

त्यानं पुस्तिकेचा संदर्भ चर्चेच्या पानावर दिलाही होता. संपादकांनी लगेच आभार मानले होते, कुलूप काढलं होतं आणि लेख बदलला होता: देवी मूळची माझ्या माहेरच्या गावची, संदर्भ अमुक पुस्तिका. सासरचा परिच्छेद गेला, कारण त्यांच्याकडे छापील काहीच नव्हतं. माझ्या सासूबाईंनी काही छापलं नव्हतं. त्या फक्त सांगत आल्या होत्या.

म्हणजे मीच लिहिलं, ज्ञानकोशानं विचारलं कोण म्हणतं, आणि आता उत्तर येत होतं: तूच म्हणतेस. यातली गफलत कळेल अशी जगात एकटी मीच होते. त्या परदेशातल्या माणसाला लाटांचं वाक्य आठवणं शक्य नव्हतं, त्यांनी अशी हजार वाक्यं कापली असतील. मी गप्प बसले असते तर भाऊ खूश, आई खूश, पुढच्या वर्षी पुन्हा एकच नारळ. नियमानं सगळं चोख झालं असतं. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते माझ्या बाबतीत खरं नव्हतं, मला एका बाजूला सरळ रस्ता दिसत होता. तो माहेरी जाणारा होता.

मी आठवडाभर काही केलं नाही. मग एका रविवारी दुपारी, घरातले झोपलेले असताना, बसले. चर्चेच्या पानावर लिहिलं की ही पुस्तिका याच लेखाच्या जुन्या आवृत्तीवरून घेतली आहे, तेव्हा ती या लेखाचा संदर्भ होऊ शकत नाही. संपादकांनी विचारलं, आपल्याला हे कसे माहीत? मी लिहिलं, छापणारा माझा भाऊ आहे. त्यांनी विचारलं, मग दुसरी बाजू? मी लिहिलं, ते माझं सासर. मग त्यांचं उत्तर आलं: 'आपण या विषयावर न लिहिलेलेच बरे असे सांगणार होतो. पण आपण नसता तर हे आम्हाला कळलेच नसते.' त्यांनी दोन्ही परिच्छेद परत घातले, दोन्हींच्या पुढे 'स्थानिक मौखिक परंपरा' असं लिहिलं, आणि पुस्तिका काढून टाकली.

भावानं ते वाचलं. फोन आला. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळूच बोलत होता. "परक्या मानसाला लिवून दिलंस तू, माझा भाऊ लबाड हाय म्हनून."

"मी असं कुठे लिहिलं?"

"छापनारा माझा भाऊ, असं लिवलंस. जगात दिसतंय ते." मग म्हणाला, "दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभी राहा तू. आमच्या उंबऱ्यावर नको ठेवू."

त्या वर्षी जत्रेला मी गेले नाही. कोणत्याच बाजूनं जायला जागा राहिली नव्हती, सासरचेही म्हणत होते की हिनं पुस्तिका पाडली ते ठीक, पण माहेरचा परिच्छेद का ठेवला? दिवाळी आली. भाऊबीजेला मी ताट करून ठेवलं. नवरा म्हणाला, फोन कर. मी केला नाही. संध्याकाळी ताट आवरून ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून खूप रडले. खरं लिहिल्याचं समाधान वगैरे काही वाटलं नाही. एका परिच्छेदापायी आपण माहेर घालवलं, एवढंच वाटत होतं. त्या परिच्छेदाशिवायही जग चाललं असतं, आणि मला तर ते नक्कीच बरं चाललं असतं.

आईची विचारपूस मी शेजारच्या मावशींकडे फोन करून करायची. आईनं फोनवर यायला नकार दिला होता. ती भावाहून कडवी. ज्ञानकोशावर लिहिणं मी सोडलं नाही, पण त्या लेखाला हात लावला नाही. त्यात बदल झाला तर मला कळेल अशी सोय तिथे असते, ती मात्र काढली नाही.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस शाळेतून आले आणि कॉम्प्युटर लावला. लेखात दोन बदल झाले होते. पहिला सकाळचा: कोणीतरी अनोळखी माणसानं सासरचा परिच्छेद संपूर्ण उडवला होता आणि त्या जागी दोन शिव्या लिहिल्या होत्या. दुसरा दुपारचा: शिव्या काढलेल्या, परिच्छेद जसाच्या तसा परत. नुसता परत नव्हे. मी कधी तरी गाळलेली एक गोष्ट त्यात आली होती, त्या बाईनं तांदळा धरला तेव्हा तिची स्वतःची भांडी वाहून गेली, ही. सासरी ती सगळे सांगतात आणि मी विसरले होते. बदल करणाऱ्याचं खातं भावाच्या दुकानाच्या नावाचं होतं. बदल का केला ते एका ओळीत लिहायची तिथे जागा असते. त्यानं लिहिलं होतं: 'आमची बहीण त्या गावात दिलेली आहे.'

हे कारण कुठल्याही नियमात बसणारं नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकली आणि किन्हवलीवरून मुरबाडची एसटी धरली.

दुकानात गर्दी होती. कोणाचे दाखले, कोणाचे सातबारे. भावानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मशीनवर कागद ठेवला. केस कानाजवळ पिकले होते. मी बाकावर बसले. गिऱ्हाइकं संपेपर्यंत तो झेरॉक्स काढत राहिला. मग मीच विचारलं, "परिच्छेद कोणी उडवला होता?"

"आपलीच पोरं. हितंच बसून केलंन. मी जेवायला गेलेलो."

"आणि तू परत टाकलास."

"खोटं हाय ते," तो म्हणाला. "पूर खोटा, पाटी खोटी, भांडी तर पार खोटी. पन ते तसंच सांगतात ना? मग तसंच लिवाय पायजे. अर्धं काय लिवायचं."

"भांड्यांचं तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या सासूनं. तुझ्या लग्नात. मी ल्हान व्हतो, मांडीवर बसवून सांगितलंन."

मी पदर डोळ्यांना लावला. बाहेर दाखल्याला आलेली एक म्हातारी आत डोकावून पाहत होती, ही बाई का रडते म्हणून. भावानं तिला उद्या यायला सांगितलं. भर दुपारी त्यानं मशीन बंद केलं, किल्ल्या घेतल्या आणि शटरला हात घातला.

"ऊठ, घरी चल," तो म्हणाला. "आईला मातर सांगू नको मी काय लिवलंय ते. मला घरात घ्यायची नाय."